सही माझीच आहे

मंत्री स्टेजवर चढले आणि भाऊसाहेबांनी माझ्या हातात कोकरू दिलं.

त्याच्या आधी माझ्या खांद्यावर घोंगडी टाकून झाली होती, डोक्याला पिवळा फेटा बांधून झाला होता. मी घरून निघालो तेव्हा इस्त्रीचा पांढरा शर्ट अन् काळी पॅन्ट घालून निघालो होतो. नगराध्यक्ष होऊन तीन महिने झालेले. मंत्री पहिल्यांदाच आमच्या गावात येत होते आणि स्वागताचं भाषण माझ्याकडं होतं. दोन पानं लिहिली होती मी. पाण्याची योजना, ओढ्यावरचा पूल, मुलींचं वसतिगृह. सुमनसमोर, म्हणजे बायकोसमोर, तीनदा वाचून पाहिली होती. मांडवाच्या मागं भाऊसाहेबांनी मला खालून वर न्याहाळलं आणि म्हणले, "ह्ये काय, लग्नाला आल्यावानी? मंत्र्याला कळलं पायजे ना तू कोन हायस ते."

भर उन्हात काळ्या घोंगडीत उभा राहिलो. कोकरू असंल दहा-बारा दिवसांचं. लाउडस्पीकरच्या आवाजानं थरथरत होतं. मंत्र्यांनी हात पुढं केले, फोटोवाले सरसावले, आणि कोकरू माझ्या अंगावर मुतलं. गरम धार शर्टावरून पॅन्टीत. पुढच्या सोफ्यावरची माणसं खदखदून हसली. भाऊसाहेबांनी माइक ओढून घेतला. काय बोलले ते शब्दाला शब्द सांगतो.

"साहेब, ह्ये आमचे अध्यक्ष. याचा बाप माझ्या शेतात मेंढ्या बसवायचा, मी याला खुर्चीत बसवला. ए अध्यक्ष, नीट धर की! घरचंच हाय तुझ्या."

सगळा मांडव हसला. आणि मी? मी पण हसलो. दात काढून. भाषणाची दोन पानं खिशात ओली झाली होती. तसंही भाषण कुणी करू दिलंच नाही.

शेतात मेंढ्या बसवणं काय असतं ते शहरातल्या माणसाला सांगावं लागतं. पिकं निघाली की शेतकरी आमच्या लोकांना बोलावतो. मेंढरं रात्रभर त्याच्या रानात बसतात. लेंड्या अन् मूत, दोन्हीचं खत. मोबदल्यात ज्वारी. माझा बाप दरसाल भाऊसाहेबांच्या रानात बसायचा. त्यांची हळद आमच्या मेंढरांच्या लेंड्यांवर पिकली अन् त्या हळदीवर बंगला उभा राहिला. मी लहान असताना बंगल्यातून आम्हाला भाकरी यायची. ताटल्या जर्मनच्या, गोठ्यातल्या खुंटीवर अडकवलेल्या. आम्हीच काढायच्या, आम्हीच धुवायच्या, परत तिथंच अडकवायच्या. त्यात काही वावगं आहे असं तेव्हा वाटायचंच नाही. भाकरी गरम असायची.

मी बी.ए. झालो. नोकरी काही लागली नाही. बाप मला घेऊन भाऊसाहेबांकडं गेला अन् म्हणला, "लेकराला पदरात घ्या." घेतलं. नऊ वर्षं त्यांच्या सभांच्या सतरंज्या उचलल्या, झेंडे बांधले, मतदानाच्या चिठ्ठ्या घरोघर वाटल्या. मग आमच्या वॉर्डातून नगरसेवक केलं. काम केलं मी, खोटं कशाला बोलू. नळ आणले, दिवे लावले. लोक म्हणायचे, पोरगं गुणी हाय. मलाही वाटायचं, हळूहळू का होईना, वर चाललोय.

मग नगराध्यक्षपदाची सोडत निघाली आणि जागा ओबीसीला सुटली. भाऊसाहेबांच्या मुलाचे बॅनर छापून तयार होते. रातोरात बॅनर गुंडाळले अन् मला बोलावणं आलं. मेंढवाड्यावर, म्हणजे ओढ्यापलीकडं जिथं आमच्या लोकांची घरं अन् मेंढरांची कुंपणं आहेत तिथं, त्या दिवशी भंडारा उधळला. तुळशीराम काका, माझ्या बापाचा धाकटा भाऊ, हलगीपुढं नाचला. बाप तेवढा पाहायला राहिला नव्हता.

निवडून आलो. केसातला गुलाल निघाला नव्हता तोच बंगल्यावर बोलावलं. टेबलावर माझ्या नावाचे लेटरपॅड, छापखान्यातून नुकतेच आलेले. भाऊसाहेब म्हणले, "अध्यक्षाला कुठं येळ राहतो? कामं अडाया नको. सह्या करून ठेव." कोऱ्या कागदांवर सह्या. चाळीसेक असतील. सगळ्यात खाली एक टाइप केलेला कागद होता. राजीनामा. मजकूर सगळा पुरा, नुसती तारखेची जागा मोकळी. मी वर बघितलं. ते म्हणले, "पद्धत हाय. समदेच देतात."

खरंच आहे पद्धत. आमच्या भागात राखीव जागेवर बसवलेल्या माणसाकडून असा कागद घेऊन ठेवतात. सरपंचाकडून घेतात, सभापतीकडून घेतात. ज्याच्याकडून घेतात तो बाहेर सांगत नाही, लाजेनं. मी सह्या केल्या. कुणी नरड्यावर पाय देऊन करून घेतल्या नाहीत. चहा पीत पीत केल्या, बाबांनो. पेन बी माझाच होता.

नंतरचे दिवस सांगण्यासारखे नाहीत. केबिन होती, घंटी होती, पाटीवर नाव होतं. फाइल माझ्याकडं यायची ती बंगल्यावरून जाऊन आलेली. ठेका कुणाला, रस्ता कुठला, सगळं ठरलेलं. मी कुठंच नव्हतो. सगळं गाव मला "अध्यक्ष साहेब, तुमी" म्हणायचं, अन् फोन आला की भाऊसाहेब, "ए अध्यक्ष, ये जरा." जायचो. जेवत असलो तरी उठून जायचो. सुमन एकदा म्हणली, "तुमी अध्यक्ष हायत का त्यांचे गडी?" मी तिच्यावर ओरडलो. दुसऱ्या कुणावर ओरडता येत नव्हतं, म्हणून तिच्यावर.

निघून जाता येत नव्हतं. गेलो असतो तर उपाध्यक्ष, म्हणजे भाऊसाहेबांचा पुतण्या, खुर्चीत बसला असता अन् आमच्या लोकांना वाटलं असतं, यानं माती खाल्ली. राहून काही करताही येत नव्हतं. जीव नुसता कोंडून गेला होता. 

मग गेल्या महिन्यात एका सकाळी तुळशीराम काका कॉलनीत माझ्या घरी आला.

मी दाढी करत होतो. काकानं पिशवीतून एक जुना बिस्किटाचा डबा काढला, डब्यातून कागद काढला, कपाळाला लावला अन् सुमनच्या हातात दिला. म्हणला, "वाच पोरी. चौदा दिवस झाले येऊन. देवापाशी ठिवला होता."

सुमन वाचायला लागली. नगर परिषदेची नोटीस. ओढ्यापलीकडची जागा परिषदेची आहे, तिथं अतिक्रमण झालेलं आहे, पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही तर अतिक्रमण काढण्यात येईल. खाली यादी. चौथ्या नंबरावर माझ्या मेलेल्या बापाचं नाव. सोबत एक पत्र जोडलेलं. सदर जागा तातडीने मोकळी करून मिळावी अशी मागणी. लेटरपॅड नगराध्यक्षांचं. सुमन सहीपर्यंत आली. तिनं माझ्याकडं बघितलं. माझा अर्धा गाल साबणाचा.

"सही तुझीच हाय ना?" काकानं विचारलं. "शिपाई म्हणला तुझी हाय."

"व्हय काका."

"मंग झालं तर. वाड्यावरल्या तान्ह्याबाची पोरं लई उसळली व्हती, मोर्चा नेतो म्हणून. मी म्हणलं, गप बसा. आपल्या पुतण्याची सही हाय, त्यानं इचार करूनच केली आसंल. कुणालाच काई करू दिलं न्हाई मी." मग जरा पुढं वाकला अन् हळू म्हणला, "आमी जायचं कुठं, ते बी लिवलं आसंल ना त्यात? तेवढं सांग. मेंढरं न्यायला दोन दिस लागतात."

बोला.  चौदा दिवस माणसं गप बसली, कागद देवापाशी ठेवून, कारण खाली माझी सही होती. भाऊसाहेबांची असती तर त्याच दिवशी दगड घेऊन उठली असती. मला भडभडून आलं. मी तोंड धुवायच्या निमित्तानं आत गेलो अन् मोरीत बसून रडलो. मग शर्ट चढवला अन् बंगल्यावर गेलो.

भाऊसाहेब बंगईवर झुलत मुरमुऱ्यांचा सुशीला खात होते. मी उभाच.

"ओढ्यापलीकडच्या जागेचं पत्र," मी म्हणलं, "ते मी लिहिलं नाही."

"सही कुनाची हाय?"

"माझी."

"मंग?"

"तिथं माझा काका राहतो. आमचे सगळे लोक तिथंच हायत."

"आरं, म्हणून तर तुझ्या पॅडवर दिलं." त्यांना माझं नवल वाटून राहिलं होतं, खरंच. शाळेतल्या पोराला समजवावं तसं बोलत होते. "मी मागणी केली आसती तर बोंब झाली आसती, भाऊसाहेबानं धनगरं उठवले. आता कोन बोंबलतो? त्यांचाच मानूस म्हणतो जागा मोकळी करा. तिथं मार्केट करू, गाळे काढू. कोनशिलेवर तुझंच नाव राहील."

"मी पत्र परत घेतो म्हणतो."

चमचा थांबला. "कपाटात एक कागद हाय तुझा. तारीख तेवढी टाकायची राहिली." मग आत तोंड करून म्हणले, "अध्यक्षाला चहा आना रे."

चहा आला अन् मी पिला. सांगायची लाज वाटते, पण पिला. कप खाली ठेवला, "येतो" म्हणलं अन् निघालो. गेटपाशी त्यांचा ड्रायव्हर हसून म्हणला, "काय अध्यक्ष, खुश ना?" मी मान हलवली.

ऑफिसात जाऊन केबिनचं दार लावून बसलो. डोकं भणभणत होतं. राजीनाम्यावर तारीख पडली तर मी जाणार अन् पत्र तसंच राहणार. खुर्चीला चिकटून बसलो तरी पत्र तसंच राहणार. सही माझी नाही म्हणावं तर ते खोटं, अन् ती माझीच आहे हे एका मिनिटात सिद्ध होईल. सही माझी म्हणावं तर काका उठणार, काकू उठणार, बापाची कुंपणाची जागा जाणार. कुणीकडून बी मीच. दुपारपर्यंत तसाच बसून होतो. जेवणाचा डबा उघडला नाही. मग हाफिज बाबू आले. आवक-जावक पाहणारे आमचे जुने क्लर्क, रिटायरला आलेले. ते फाइल ठेवून थांबले.

"साहब, एक बात बोलूं? आपका वो लेटर टाइप होने आया, तबी मेरे को मालूम था के आपने लिखाच नहीं. आपकी मराठी ऐसी नहीं."

"मंग मला सांगितलं का नाही?"

"आपने कभी पूछा क्या साहब, किसी कागद के बारे में?"

गालात मारल्यासारखं झालं. अकरा महिन्यांत मी एकदाही विचारलं नव्हतं, माझे ते चाळीस कागद कुठं गेले म्हणून. मला माहीत करून घ्यायचंच नव्हतं. कोकरानं अंगावर मुतलं तो अपमान मी महिनोनमहिने कुरवाळत बसलो. मला हसले, मला अरे-तुरे केलं, मला, मला, मला! अन् तिकडं माझ्या सहीनं कुणाकुणाचं काय होऊन राहिलं, ते बघायची मला एवढी पण गरज वाटली नाही. भाऊसाहेब तर भाऊसाहेब आहेतच. पण मी काय कमी हरामखोर होतो?

मी हाफिज बाबूंकडून कागद मागितला. लेटरपॅड नको म्हणलं, साधा द्या. आणि लिहिलं. पहिलंच वाक्य: मी निवडून आलो त्या दिवशी कोऱ्या लेटरपॅडवर सह्या करून दिल्या होत्या, सोबतचं पत्र त्यातल्या एकावर लिहिलं गेलं आहे, त्यातली मागणी माझी नाही. खाली हरकत. हरकत घेणाऱ्यांत पहिलं नाव माझं, यादीत चौथ्या नंबरावर असलेल्या मयताचा वारस म्हणून.  या वेळी मजकूर माझा होता.

तिथून सरळ मेंढवाड्यावर गेलो. गाडी ऑफिसलाच ठेवली, चालत गेलो. मेंढरं चरायला गेली होती. बाया लोकर पिंजत बसल्या होत्या, म्हातारी माणसं लिंबाखाली. मी सगळ्यांना बोलावलं अन् उभ्या उभ्या सांगितलं. ही नोटीस तुम्हाला उठवायची आहे. कुठं जायचं ते त्यात लिहिलेलं नाही. पत्र मी लिहिलं नाही, पण सही माझी आहे, कोऱ्या कागदावर केलेली. उद्याचा दिवस शेवटचा आहे. हरकतीचा अर्ज लिहून आणलाय, त्यावर सह्या-अंगठे द्या.

कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तान्ह्याबाचा मोठा पोरगा तोंड फिरवून उभा राहिला. तुळशीराम काका खाली बसला. मातीत बोट फिरवत म्हणला, "म्हंजी मीच गप बसवलं समद्यांना." एवढंच. मला त्यानं बोल लावला नाही.

काकूचं तसं नाही. काकू आली, माझ्यासमोर उभी राहिली. "तुजी माय गेल्यावर माज्या हातचं खाऊन वाढला तू. आन् इचारलं बी न्हाई रे, काहून सही मागून राहिले म्हणून?"

"न्हाई इचारलं काकू."

"आता अंगठा दी म्हणतोस. तुज्या कागदावर अंगठा द्यायचं भ्या वाटतं मला."

तिनं आत हाक मारली. तिची नात बाहेर आली, दहावीतली, शाळेच्या ड्रेसवरच. काकूनं माझ्या हातातला अर्ज घेतला अन् तिला दिला. "वाच गं. मोठ्यानं वाच. एक बी अक्षर सोडू नको." नगराध्यक्षानं लिहिलेला अर्ज, खुद्द नगराध्यक्ष समोर उभा, अन् माझी माणसं तो दुसऱ्याकडून वाचून घेऊन राहिली होती. पोरगी वाचत होती. मधे एकदा काकूनं थांबवलं, "ह्ये परत वाच." परत वाचलं. मग सगळ्यांनी आपसात सल्लामसलत केली. मी बाजूला उभा. बराबर केलं त्यांनी. हे मी चाळीस वेळा करायला पाहिजे होतं. शेवटी काकूनं शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला अन् मग एकेक जण पुढं आला.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या आधी आम्ही दारात होतो. अर्ज हाफिज बाबूंच्या टेबलावर ठेवला. ते म्हणले, "सोच लो साहब. एक बार शिक्का बैठा, तो बैठा."

"मारा."

पोच घेतली. काकानं ती माझ्याकडं ठेवू दिली नाही, नातीकडं दिली.

अर्ध्या तासात भाऊसाहेबांचा फोन. "काय करून राहिलास तू?"

"हरकत दिली."

"कोन म्हणून? अध्यक्ष म्हणून?"

"अतिक्रमणवाला म्हणून."

 ते म्हणले, "तुझा बाप माझ्या गोठ्यात जेवायचा. ध्यानात ठेव. आज सांजच्याला तारीख पडंल त्या कागदावर."

"टाका," मी म्हणलं. फोन मीच ठेवला.  मोकळं-बिकळं काही वाटलं नाही. भीती वाटली. घरी हप्त्यावर घेतलेली गाडी आहे, दोन लेकरं शाळेत आहेत, अन् या गावात भाऊसाहेबांच्या विरोधात जाऊन राहिलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

त्यांनी तारीख टाकली. कागद हिंगोलीला कलेक्टर ऑफिसात पोचला. मीही हिंगोलीला गेलो अन् लेखी दिलं, की हा राजीनामा माझ्याकडून कधी अन् कसा घेतला. त्याचं काय होईल ते मला माहीत नाही. वकील म्हणतो, पद जाऊ शकतं, अन् कोऱ्या कागदावर सह्या दिल्या म्हणून मलाच अडकवूही शकतात. अडकवा. मी काही निर्दोष नाही. गावात पोस्टर लागलीत, माझ्या फोटोवर काळं फासून. चहाच्या टपरीवर मी गेलो की माणसं उठून जातात. सुमन बाजारात गेली की दोन बाया मुद्दाम मोठ्यानं बोलतात. मेंढवाड्यावरची माणसं तरी माझ्यासोबत आहेत म्हणावं, तर तसंही नाही. ती जागेसाठी उभी आहेत, माझ्यासाठी नाही. काका माझ्याशी बोलतो, पण आधीसारखा नाही.

उद्या अकरा वाजता हरकतीवर सुनावणी आहे. माझ्याच ऑफिसात, माझ्याच मीटिंग हॉलमध्ये. मी वरच्या खुर्चीत बसणार नाही. खाली, काकूच्या शेजारी उभा राहणार. मुख्याधिकारी ते पत्र समोर धरून मला विचारतील, सही तुमचीच ना? मी म्हणणार, माझीच. मग विचारतील, तुम्ही शुद्धीत होता ना? म्हणणार, पूर्ण शुद्धीत, चहा पीत होतो. आणि तो कोरा गठ्ठा माझ्यापुढं कुणी सरकवला, ते त्यांनी विचारलं नाही तरी मी सांगणार आहे. भाऊसाहेब म्हणून नाही. नाव घेऊन, त्यांच्या बापाच्या नावासकट, आडनावासकट. लिहून घेईपर्यंत हॉलमधून हलणार नाही. आणि लिहून झाल्यावर तो कागद काकूच्या नातीकडून मोठ्यानं वाचून घेणार, मगच खाली सही करणार.